टाकी वर, पंप खाली

सोमवार, ३ मार्च

पाहुणे अभियंते दहाला येणार होते, दहाला आले. मला सोडलं तर या कार्यालयात वेळेवर येणारी ही पहिलीच माणसं. तिघे जण: पांढऱ्या दाढीचे प्रमुख, एक नकाशे काढणारा आणि एक दुभाष्या. देश समुद्रापलीकडचा. गावाला दोन नवे पंप द्यायचं त्यांच्या मनात आहे. पाणीपुरवठा अधीक्षक म्हणून माझे अकरा महिने उरलेत. पंप बसवून गेले तर चौतीस वर्षांची नोकरी सत्कारणी लागली म्हणेन.

सगळं फिरून दाखवलं. पंपघर नदीकाठी, खालच्या वस्तीत. टाकी माथ्यावर, वरच्या वस्तीत. पंप पाणी वर चढवतो, टाकी ते दोन वेगळ्या पाइपांनी दोन्ही वस्त्यांना सोडते. मधे तीनशे बारा पायऱ्या. मी पुढे होऊन चढले. नकाशेवाला तिसऱ्या वळणावर बसला.

प्रमुखांनी विचारलं, टाकीवरचा माणूस राहतो कुठे? म्हटलं, खालच्या वस्तीत. आणि पंपावरचा? वरच्या वस्तीत. त्यांनी दुभाष्याकडून दोनदा खात्री करून घेतली. मला उगाचच ओशाळल्यासारखं झालं. कारण सांगितलं: चाळीस वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात पाण्यावरून दोन्ही वस्त्यांत डोकी फुटली होती, तेव्हाच्या अधीक्षकांनी ही उलटापालट केली, ती चालत आली. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

निघताना विचारलं, गावात गडबड झाली तर पंप कुणाच्या हातात राहील? मी म्हटलं, गडबडीसाठी आमच्याकडे एक राखीव मोटार आहे. ते हसले. विनोदी काय होतं कळलं नाही.

गुरुवार, ६ मार्च

राजधानीत निकाल लागला. म्हणजे दोनदा लागला. दोन्ही पक्षांनी आपणच जिंकलो म्हणून जाहीर केलं आणि दोघांचेही शपथविधी झाले. खालच्या वस्तीत एकाची मिरवणूक, वरच्या वस्तीत दुसऱ्याची. दोन्हींच्या पायांखाली माझे पाइप. एका ठिकाणी गळती सुरू झाली.

हे रेडिओला कान लावून बसलेले. म्हणाले, एका खुर्चीत दोघं बसले की मोडते खुर्ची, आणि तिच्या दुरुस्तीला पाय कापले जातात ते टेबलाचे. मी म्हटलं, तुम्ही जन्मभर भूगोल शिकवलात, राज्यशास्त्रात शिरू नका. तर म्हणे, भूगोलच सांगतोय, आपण उतारावर राहतो, तिकडचं सगळं इथेच वाहत येतं.

लेक रविवारी येते आहे. आम्ही वरच्या वस्तीतले, जावई खालच्या, चष्म्याचं दुकान आहे. नात चार महिन्यांची झाली. लग्नाच्या वेळी दोन्हीकडच्या आत्याबायांनी नाकं मुरडली होती. आता त्याच बाळाला मांडीवरून खाली ठेवत नाहीत.

मंगळवार, ११ मार्च

अहवाल आला. स्वच्छ टाइप केलेला, एक खाडाखोड नाही. चौदा सूचना. तेरा गंजाच्या आणि गळतीच्या, मी स्वतः वर्षानुवर्षं ओरडत आले त्याच. चौदावी: कर्मचारी आपापल्या घराजवळ नेमावेत. ही मानली तर पंप मिळतील.

बसून गणित केलं. दोन माणसं रोज मिळून सहाशे चोवीस पायऱ्या उतरतात आणि तेवढ्याच चढतात. वर्षाला एका माणसाचे सबंध बावीस दिवस नुसते पायऱ्यांवर जातात. चौतीस वर्षांत हे गणित मला सुचलं नाही याची लाज वाटली.

दोघांना बोलावलं. टाकीवरचा लंबू, खालच्या वस्तीतला. पंपावरचा मौनी, वरच्या वस्तीतला. सव्वीस वर्षं हे रोज सकाळी मधल्या कठड्यावर भेटतात, टाकीची पातळी आणि पंपाचे तास चिठ्ठीवर अदलाबदल करतात आणि एकमेकांच्या बापाचा उद्धार करून कामाला जातात. वाटलं होतं, खूश होतील.

लंबू म्हणाला, "बाई, पाय माझे दुखतात. तक्रार मी केली नाही. मग दया कुणाला आली?"

मी बावीस दिवसांचं गणित दाखवलं. त्याने कागदाकडे बघितलंही नाही. "माझं घर खाली आहे. टाकीवर मी असलो की वरचे कितीही डोळे वटारू देत, खालचं पाणी बंद होत नाही. ह्याचं घर वर. पंपावर हा असला की खालचे कितीही बोंबलू देत, मोटार थांबत नाही. एवढंच आहे ते."

"तुझं काय म्हणणं?" मी मौनीला विचारलं.

"हं," मौनी म्हणाला. महिन्यातला त्याचा शब्द खर्च झाला.

मी स्पष्ट सांगितलं, हा पाणीपुरवठा आहे, चौकी नाही. इथे कुणी कुणावर पहारा ठेवत नाही. आदेशावर सही केली. जुन्या सवयी माणसाला तत्त्वासारख्या वाटू लागतात, ही मोठी खोड.

सोमवार, १७ मार्च

बदली लागू. मौनी वर टाकीवर, लंबू खाली पंपावर. दोघांचीही घरं आता पाच मिनिटांवर. दोघेही उशिरा आले.

नोंदी टेलिफोनवर घ्यायच्या ठरल्या आहेत. मधला कठडा रिकामा होता. येता-जाता डोळ्यांना सवय होती, इतकंच.

मंगळवार, १ एप्रिल

तक्रारवही चाळली. मार्चमध्ये एकेचाळीस. पूर्वी पाणी कमी आलं की वरच्या बायका टाकीवर जाऊन लंबूला तोंडावर झोडायच्या. लंबू त्यांना हाताला धरून पातळी दाखवायचा, उलट दोन ऐकवायचा, बायका हसत किंवा शिव्या देत घरी जायच्या. खाली मौनीला झोडलं तर तो उभा राहून ऐकून घ्यायचा, म्हणून लोक लवकर थकायचे.

आता टाकीवर कुणी जात नाही. वरचे लिहितात: आमचा माणूस टाकीवर आहे, तो कमी सोडणार नाही, खालचेच पंप कमी चालवतात. खालचे लिहितात: आमचा माणूस पंपावर आहे, तो कसूर करणार नाही, वरचेच पाणी अडवतात. एकेचाळीसांत आपल्या वस्तीतल्या माणसाविरुद्ध एकही तक्रार नाही. दोघांचं काम सुधारलं असं म्हणायला हरकत नाही. अहवालात तसं लिहिलं.

ह्यांना वाचून दाखवलं. वही मागून पुन्हा वाचली. मग म्हणाले, "तू एवढी हुशार, आणि..." पुढे बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. माणसाने वाक्य सुरू केलं तर पूर्ण करावं.

बुधवार, ९ एप्रिल

नवे पंप आले. सोबत सहा तंत्रज्ञ, बारीक केस कापलेले, खांदे रुंद. खालच्या शाळेत उतरलेत. एकाला पंपाच्या पाइपातली तळाची झडप कुठे असते विचारलं, तो दुभाष्याचं तोंड बघत राहिला. पंप मीच बसवून घेतले, लंबूला हाताशी घेऊन.

याच आठवड्यात वरच्या वस्तीतही पाहुणे आले आहेत, शेजारच्या देशाचे. तेही मदतच करणार म्हणे. टाकीजवळच्या माझ्या गुदामात तेवीस पेट्या ठेवायला आणल्या. कागदावर 'पाइपांचे सांधे'. चौघे मिळून एक पेटी उचलत होते. सांधे एवढे जड नसतात. मी म्हटलं, उघडून मोजल्याशिवाय साठावहीत नोंद होणार नाही आणि नोंदीशिवाय पेटी आत जाणार नाही. तासभर वाद घातला. शेवटी पेट्या उचलून कापडवाल्याच्या वखारीत नेल्या.

कापडवाला म्हणजे ज्याला सगळे इंचपट्टी म्हणतात तो. आता वरच्या वस्तीच्या समितीचा अध्यक्ष झालाय. पेट्यांत काय आहे हा माझ्या खात्याचा प्रश्न नाही. माझं गुदाम अडलं नाही, हे खरं.

रविवार, २० एप्रिल

सलग दुसरा रविवार लेक आली नाही. पायऱ्यांवर दोन चौक्या बसल्यात. वरून तिसऱ्या वळणाला वरच्यांची, पाचव्याला खालच्यांची. मधल्या कठड्यावर आता कुणीच जात नाही. वरच्या चौकीवरच्या पोराला मी ओळखते, त्याच्या घरच्या नळाची जोडणी मी मंजूर केलेली. त्याने माझं ओळखपत्र मागितलं. मी म्हटलं, आधी तुझं दाखव. त्याच्याकडे नव्हतं. बंदूक होती.

खाली मंगळवारी बाजारात गोळीबार झाला, तिघं गेले. वरच्यांनी केला म्हणतात. वर बुधवारी एक दुकान जळलं. ते खालच्यांनी. दोन्ही बातम्या समोरच्याने सुरुवात केली इथूनच सुरू होतात. मी इतिहासाची विद्यार्थिनी नव्हते, रसायनशास्त्राची होते. पण आम्हाला एक शिकवलं होतं: दोन द्रव्यं वर्षानुवर्षं एका भांड्यात शांत असतात, ती शांत का होती हे आधी शोधा. भडका का उडाला ते आपोआप कळतं.

हे लिहिलं आणि पेन थांबलं. लंबूचं बोलणं डोक्यात घोळतंय. उद्या बघू.

सोमवार, २८ एप्रिल

आज व्हायचं ते झालं.

सकाळी सातला खालून लेकीचा फोन, आई, नळाला पाणी नाही. टाकीवर गेले. मौनीने खालच्या पाइपाचा व्हॉल्व्ह बंद केला होता. चावी अजून हातातच. मी त्याच्यावर ओरडले, इतकी की आयुष्यात कुणावर ओरडले नसेन. तो खाली बघत उभा राहिला, मग बोलला. सव्वीस वर्षांत त्याच्या तोंडून एवढं ऐकलं नव्हतं.

"माझ्या गल्लीतले दहा जण मागं उभे होते, बाई. त्यात माझा मेव्हणा. म्हणाले, तू आमचा ना? मी खाली पंपावर असतो तर मला हे विचारायला कोण आलं असतं?"

दहा वाजता लंबूने पंप थांबवला. फोनवर म्हणाला, त्याच्याही मागे दहा होते. वर पाणी चढवून तिथेच अडणार असेल तर चढवायचं कशाला, असं त्या दहांचं म्हणणं. त्यात खोट काढता येईना.

दोन चांगली माणसं, सव्वीस वर्षांची सेवा बिनचूक, शेवटची दोन वर्षं तर एकही खाडा नाही. आज दोघांनी गाव कोरडं केलं. आदेश कुणाच्या सहीचा होता ते कागदावर आहे.

टाकीत अकरा फूट पाणी. एकट्या वरच्या वस्तीला जपून वापरलं तर चौदा दिवस.

शुक्रवार, २ मे

चार दिवस टेलिफोनवर मीच पूल. इकडे इंचपट्टी, तिकडे खालच्या समितीचे एक वकील. दोघांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: सकाळी सहाच्या ठोक्याला इकडे व्हॉल्व्ह उघडू, तिकडे पंप चालू करा. काल संध्याकाळी दोघेही जवळपास हो म्हणाले होते.

आज सकाळी दोघेही फिरले. खाली समुद्रापलीकडच्यांनी कळवलं, नदी गाळून द्यायचं यंत्र आणि आणखी टँकर येतायत, वाकू नका. वर शेजारच्यांनी कळवलं, बोअरचं यंत्र आठ दिवसांत येतंय, वाकू नका. वकील म्हणाले, बाई, आता आम्हाला त्यांची गरज नाही. इंचपट्टी म्हणाला, बाई, आता आम्हाला त्यांची गरज नाही. शब्दसुद्धा तेच. मी रिसिव्हर आपटला, बहुधा तडा गेला.

"बघ," हे म्हणाले, "तहानलेली माणसं भांडत भांडत का होईना पाण्यापाशी येतात. ह्यांना कुणीतरी लांबून पेला दाखवतंय."

आलेले टँकर चार. लेक सांगत होती, चारही आधी शाळेतल्या बारीक केसवाल्यांकडे जातात, उरलं तर गल्लीत. तिच्या घरी सासू आजारी, बाळाला जुलाब लागलेत. नळाला पहाटे बारीक धार येते, तेवढ्यावर एक बादली भरते. मी तिला उकळून प्यायला सांगितलं, वीस मिनिटं, नुसती उकळी नव्हे. ती म्हणाली, "आई, मला आकडे नको सांगूस. बाळाचे डोळे खोल गेलेत."

मी म्हटलं, तू बाळाला घेऊन वर निघून ये. ती म्हणाली, जावयाला चौकी सोडणार नाही आणि ती त्याला सोडणार नाही. मी तिला हट्टी म्हटलं. हे पलीकडच्या खोलीतून मोठ्याने म्हणाले, कुणावर गेली कोण जाणे.

सोमवार, ५ मे

नवा आदेश टाइप केला: ११ मार्चचा आदेश रद्द, दोन्ही कर्मचारी पूर्वीच्या जागी. सही, शिक्का. दोन्ही समित्यांना पाठवला, दोन्ही पाहुण्यांना प्रत.

इंचपट्टी हसला. "बाई, खालचा माणूस आणून आमच्या टाकीवर बसवू? बाहेर गोळ्या चालल्यात, तुम्ही बदल्या काय करताय?" खालून वकिलांनी उत्तरच दिलं नाही. पांढऱ्या दाढीच्या प्रमुखांचं मात्र सुबक पत्र आलं, खाडाखोड नसलेलं. आपली कळकळ समजते, परंतु सद्य परिस्थितीत मिश्र नेमणुका सुरक्षित नाहीत.

मार्चमध्ये मिश्र होतं तेव्हा सुरक्षितच होतं. ते मिश्र होतं म्हणूनच. हे मला कळायला पन्नास दिवस आणि दोन्हीकडची मिळून सात मेलेली माणसं लागली. लंबूला कागद न बघता कळलं होतं.

दुपारपासून टेलिफोन मेलाय. लेकीशी बोलणं बंद.

बुधवार, ७ मे

टाकीत चार फूट.

सकाळी इंचपट्टी घरी आला, सोबत शेजारच्या देशाचा एक पाहुणा, दुर्बीण गळ्यात. खालच्या बायका पहाटे नळांवर उभ्या दिसतात, म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण बंद नाही, खाली पाणी झिरपतंय, असं त्याने हेरलंय. व्हॉल्व्ह जुना आहे, पाणी अडवणारी आतली चकती नीट बसत नाही. खालच्या वस्तीत जी बारीक धार येते ती हीच. माझ्या नातीची बादली हीच.

उद्या सकाळी येऊन तो घट्ट करून द्या, इंचपट्टी म्हणाला. मौनीकडून होत नाही. तुमच्या हाताला गुण आहे.

मी हो म्हटलं. कोणती अवजारं लागतील तेही सांगितलं. इंचपट्टीने जाताना माझ्या पाया पडल्यासारखं केलं. शाळेत असल्यापासून तो खोटं बोलताना वाकायचा, असं हे सांगतात. ह्यांचाच विद्यार्थी होता.

तो गेल्यावर ह्यांनी विचारलं, खरंच घट्ट करणार? मी म्हटलं, कामाचं घरी बोलत नाही. भांडी धुवायला पाणी नव्हतं, म्हणून पुसून ठेवली.

भीती वाटते. लिहून ठेवते, म्हणजे उद्या नव्याने वाटायला नको.

गुरुवार, ८ मे

टाकीघरातून लिहिते आहे. दार आतून लावलंय. घडलं त्या क्रमाने लिहिते.

सकाळी आठला आले. दाराशी दोन पहारेकरी. अवजारांची पिशवी तपासली: पान्हे, हातोडी, हॅक्सॉ, तेलाची बाटली. पहारेकऱ्याने हॅक्सॉ कशाला विचारलं. म्हटलं, तू व्हॉल्व्ह दुरुस्त करतोस की मी? तो बाजूला झाला. आवाज चढवला की माणसं बाजूला होतात, हे मी चौतीस वर्षं वापरलंय. आज शेवटचं.

आत मौनी. त्याला म्हटलं, चावी दे. खालच्या पाइपाचा व्हॉल्व्ह उघडायला घेतला. घट्ट होता, एकटीला फिरेना. मौनी दोन क्षण बघत राहिला, मग चावीच्या दुसऱ्या टोकाला लागला. वीस फेरे. पाण्याचा आवाज पाइपात खाली गेला. तो आवाज मला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ऐकू येतो, पण आज अंगावर काटा आला.

मग हॅक्सॉ. व्हॉल्व्हचा जो दांडा वर आलेला असतो, ज्याच्यावर चावी बसते, तो बुडाशी कापायला घेतला. बाहेर काय आवाज म्हणून विचारलं. गंज काढतेय, मी ओरडले. दोन पाती तुटली. माझा हात भरून आला तेव्हा मौनीने कापलं, त्याचा भरून आला तेव्हा मी. पस्तीस मिनिटांत दांडा हातात आला, मनगटाएवढा जाड. आता त्या व्हॉल्व्हवर चावी बसवायला काही उरलं नाही. तो उघडा आहे आणि उघडाच राहील. नवा आणायला दूरच्या शहरात जावं लागतं, आणि रस्ते बंद आहेत.

मौनीला म्हटलं, तू मागच्या झरोक्यातून जा, मी एकटीने केलं म्हणून सांगीन. तो म्हणाला, "बाई, पस्तीस मिनिटांत एकटीने? कुणाला पटेल?" आणि पिंपावर बसून राहिला.

दुपारी एकला टाकी रिकामी. चार फूट पाणी सगळं खाली गेलं. वरच्या वस्तीतले नळ दीड वाजता फुसफुसले आणि बंद पडले. माझ्या घरचा धरून.

मग दार वाजायला लागलं.

दाराआडून इंचपट्टीला समजावलं. तू हुशार आहेस, म्हटलं, कापड मोजतोस, हे मोज. खालचं पाणी आता तुला बंद करता येणार नाही, कुणालाच येणार नाही. म्हणजे खालच्यांना पंप चालवायला भीती उरली नाही: जेवढं चढवतील त्यातलं त्यांचं त्यांना मिळणारच. आणि तुझ्या टाकीत एक थेंब नाही. त्यांनी पंप चालवला तरच तुझी पोरं पाणी पितील. बोअरचं यंत्र कधी येणार? पुन्हा विचारलं. तो म्हणाला, सीमेवर अडकलंय.

"मग निरोप पाठव," मी म्हटलं. "चौकीवरचं पोर पांढरं फडकं घेऊन पाठव, की टाकी रिकामी आहे आणि व्हॉल्व्ह उघडा आहे. एवढंच. माफी नाही, अट नाही."

त्याने मला जे म्हटलं ते लिहीत नाही. पण पायऱ्यांच्या दिशेने पावलं गेली. निरोप गेला की बंदुका गेल्या, ते दारातून दिसत नाही.

चार वाजता पुन्हा दार वाजलं, हळू. हे होते. पहारेकरी त्यांच्याच शाळेतले, म्हणून सोडलं असणार.

"पाणीपुरवठा कार्यालय का?" दाराबाहेरून विचारतात. "घरचा नळ कोरडा आहे. तक्रार नोंदवायची होती."

मी म्हटलं, नोंदवली, घरी जा. म्हणाले, जातो, पण घरी कुणी नसतं हल्ली. दारातच बसले आहेत. मधूनमधून खोकतात. खोकला खरा नाही, इथे आहे एवढं कळवायला.

लोक बाहेर जमलेत. बायका मला शिव्या घालतायत, त्यांचं चूक नाही. घागरी रिकाम्या आहेत. लंबूने पंप चालू केला नाही तर मी वरच्या वस्तीला, माझ्या स्वतःच्या माणसांना, तहानेने मारलं असं होईल. मी लंबूवर सगळं लावलंय, आणि मार्चमध्ये त्याचं बोलणं पूर्ण ऐकूनही घेतलं नव्हतं.

शुक्रवार, ९ मे

रात्रभर काही नाही. पहाटेही नाही. सहा वाजले, सात वाजले. मौनीने चढत्या पाइपाला कान लावलेला, तो काढलाच नाही. मी त्याला दोनदा विचारलं, दोनदा त्याने नकारार्थी मान हलवली.

साडेसातला लोखंडी शिडीने टाकीच्या छतावर गेले. तिथून खालची वस्ती दिसते. लेकीचं घर मी गच्चीवरच्या पत्र्याने ओळखते. गच्चीवर दोरी होती आणि दोरीवर दुपटी वाळत घातलेली. मोजली, अकरा. शेजारच्या गच्च्यांवरही कपडे. प्यायलाच पुरत नसेल तेव्हा कुणी दुपटी धूत नाही, आणि धुवायला बाळ असावं लागतं. दोन्ही गोष्टी पुन्हा पुन्हा तपासून पाहिल्या. चूक सापडली नाही. मग दुपटी आणखी एकदा मोजली. अकराच.

आठ वाजून वीस मिनिटांनी मौनीने पाइपावर पान्हा आपटून हाक मारली. खाली आले. पाइपात आधी खोकल्यासारखा आवाज, मग गंजाचं लाल पाणी, मग स्वच्छ. दोन्ही नवे पंप एकदम लावलेत, दाबावरून कळतं. दोन एकदम लावू नकोस म्हणून लंबूला दहा वेळा सांगितलंय.

दार उघडलं. इंचपट्टी आत आला, पाण्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. तो दुर्बीणवाला पाहुणा मागे होता, तो फक्त माझ्याकडे बघत होता. मला आणि मौनीला समितीपुढे यावं लागेल, दोघे म्हणाले. कशाबद्दल ते सांगितलं नाही. हे उठून उभे राहिले, म्हणाले, मीही येतो, तक्रारदार आहे.

मी दहा मिनिटं मागितली. कामाची नोंदवही लिहिल्याशिवाय मी जागा सोडत नाही, हे इंचपट्टीलाही ठाऊक आहे. लिहिलं:

दि. ९ मे, सकाळी ८.४०. टाकीची पातळी दोन इंच, वाढती. वरच्या वस्तीचा व्हॉल्व्ह चालू. खालच्या वस्तीचा व्हॉल्व्ह उघडा, बंद होत नाही. बिघाडाचे कारण: अधीक्षक. दुरुस्ती: करू नये.